अण्णांचं नववं कलम

अण्णांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चपला ऐन उंबऱ्यासमोर काढल्या होत्या. बाहेर चिखल होता, मला उशीर झाला होता आणि सगळं लक्ष हातातल्या फायलीकडे होतं. दोन तासांनी बाहेर येऊन बघतो तर घरातली माणसं त्या चपलांवरून उड्या मारत ये-जा करत होती. अण्णांच्या पत्नी, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची, कमरेवर भरलेली कळशी घेऊन पाय उंच उचलत चपला ओलांडत होत्या. मी ओशाळलो.

"अहो, बाजूला सारायच्या की!"

"आमच्यात तसं करत नाहीत," अक्का म्हणाल्या. "ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं."

त्या हसतील म्हणून मी वाट पाहिली. त्या हसल्या नाहीत. पाणी आत ठेवायला निघून गेल्या.

त्या घरात हा नियम ताटवाटीपासून छत्रीपर्यंत सगळ्याला लागू होता. अक्कांच्या एका भाच्याची टोपी खुंटीवर राहिली, ती तो पुन्हा येईपर्यंत दोन वर्षं तिथेच धूळ खात होती. एक सुतार आपली पटाशी तुळशीपाशी विसरून गावी गेला तो गेलाच. ती पटाशी पावसात गंजून गेली, पण कोणी आत आणली नाही. कामाच्या बायका या घरात टिकत नसत, कारण आवरणं हेच त्यांचं काम आणि आवरायला तर बंदी. त्यांच्या भागात, बंगळूरच्या बसवनगुडीत, लोक मागून म्हणायचे, या माणसाचा एक खिळा ढिला आहे. मलाही सुरुवातीला तेच वाटलं होतं. असे विक्षिप्त लोक बघायला बरे वाटतात, त्यांच्याबरोबर राहावं लागत नाही तोवर.

मी निपाणीकडचा. राज्यांची फेररचना झाली, आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि त्याबरोबर मीही बंगळूरला येऊन पडलो. सरकारच्या विधी खात्यात स्टेनो होतो. अण्णा वीज खात्यात इंजिनिअर. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटे. निम्मे शब्द आपल्या पणजोबांच्या वेळचे आणि निम्मे कन्नड. "स्वल्प थांब", "सरी, मग येऊन जा", असं ते बोलायचे; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटायची. "तू पेपर वाचून दाखवल्यासारखं बोलतोस रे," म्हणायचे. गेली पुष्कळ वर्षं ते या जगात नाहीत, तरी कुणी 'स्वल्प' म्हटलं की मी मान वळवून बघतो.

आमची गाठ पडली ती एका फायलीमुळे. अण्णांनी आपण होऊन एका कायद्याचा मसुदा लिहून वर पाठवला होता. राज्यातल्या वीजवाहिन्या सुरक्षित आणि भक्कम कशा राहतील याचा कायदा. कुणी मागितला नव्हता. इंजिनिअरनं खांब उभे करावेत, तारा ओढाव्यात. कायदे लिहिणं हे त्याचं काम नव्हे. वीज खात्यानं तो परत पाठवला, अण्णांनी तो पुन्हा पाठवला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर कंटाळून तो आमच्या खात्याकडे ढकलण्यात आला. आमचे साहेब मला म्हणाले, "तू मराठी, तोही मराठी. जा आणि विचार त्याला, नक्की काय पाहिजे?"

काय पाहिजे ते अण्णांनी मला त्या दिवशी दोन तास सांगितलं. इस्पितळांना आणि शहराला पाणी चढवणाऱ्या पंपांना दोन बाजूंनी वीज मिळाली पाहिजे, एक तुटली तर दुसरी. मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला तर बदली ट्रान्सफॉर्मर राज्यातच तयार हवा, बोटीनं येण्याची वाट बघत बसायची नाही. वादळाच्या दिवसांआधी तारांलगतची झाडं छाटलीच पाहिजेत. कुठे किती वेळ वीज गेली आणि का गेली, हे सरकारनं दरवर्षी सभागृहाला सांगायचं. आज हे सगळं शहाणपणाचं वाटतं. तेव्हा अर्ध्या शहरात कंदीलच होते, आणि हा माणूस वीज गेल्यावर काय करायचं त्याची कलमं लिहीत होता.

"वीज असणार असं धरून चालणारा माणूस मूर्ख," ते म्हणायचे. "ती जाणारच. आपण एवढंच बघायचं, की ती गेल्यावर आणि आल्यावर कोण मरतं."

"आल्यावर कोण मरेल, अण्णा?"

त्यांनी नवव्या कलमावर बोट ठेवलं. "हे नीट लिहून दे. बाकीच्यात तुम्ही काय पाहिजे ते करा."

नववं कलम असं होतं: तारांवर काम चालू असताना बंद केलेल्या खटक्यावर लावलेली धोक्याची पाटी ज्याने लावली त्याच्याशिवाय इतर कोणीही, कितीही वरचा अधिकारी असला तरी, साफसफाईसाठी, पाहुण्यांच्या भेटीसाठी किंवा पूजेसाठी काढता कामा नये. काढल्यास तुरुंग. मसुदा अर्थात इंग्रजीत होता, मी अर्थ सांगतो आहे. आमच्या साहेबांनी 'पूजेसाठी' या शब्दाखाली लाल रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या प्रश्नचिन्हाची चौकशी करायलाच खरं तर मला पाठवलं होतं, आणि त्या दिवशी तेवढीच राहून गेली.

पुढे मी त्यांच्याकडे जातच राहिलो. एकटा होतो, खाणावळीतल्या जेवणाला विटलो होतो आणि अक्कांच्या हातचं सारू मला आईच्या आमटीपेक्षा आवडायला लागलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. अण्णांबरोबर रस्त्यानं चालणं मात्र शिक्षा होती. ते कायम वर बघत चालायचे. सायकली त्यांना चुकवायच्या, ते कुणाला चुकवत नसत. पत्ता सांगायचा तर घरावरून नाही, खांबावरून. "बैलाच्या देवळाकडून उतर, सहावा खांब, वाकलेला आहे तो, त्याच्या समोर." ट्रान्सफॉर्मर दिसला की त्याखाली उभे राहून डोळे मिटून ऐकायचे. "याला ताप आहे," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या भागाच्या इंजिनिअरला पत्र जायचं. एका रविवारी ते मला पायी हेब्बाळच्या तळ्यापर्यंत घेऊन गेले. मला वाटलं पक्षी बघायला. पक्षी भरपूर होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तळ्याकाठून जाणारी तार किती खाली लोंबते हे ते बघत होते.

स्वतःच्या घरी रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसून, वात कापून ठेवायचे. वीज खात्याच्या इंजिनिअरच्या घरात कंदील! मी चेष्टा केली तर म्हणाले, "न्हाव्याची बायको नेहमी केस विंचरून बसते की काय?" ही म्हण त्यांनी कुठून आणली देव जाणे. मी निपाणीतही ऐकली नव्हती.

त्यांच्या वरच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट त्यांच्या खात्यात अजून सांगत असतील. मांडवाला आंब्याच्या डहाळ्या आणि त्यांतून रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. नुसत्या पिळलेल्या तारा, वर पट्टी नाही, आणि खाली ओल्या जमिनीवर दोनशे माणसं. अण्णा आत शिरले, वर बघितलं, आणि कुणाशी एक शब्द न बोलता स्टुलावर चढून त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला. मंगलाष्टकं सुरू होती. नवरामुलगा, नवरीमुलगी, भटजी, सगळे अंधुक उजेडात एकमेकांची तोंडं शोधू लागले. शेवटी शेजारून पेट्रोमॅक्स आणून लग्न लागलं. साहेब अण्णांशी वर्षभर बोलले नाहीत आणि त्यांची बढतीही अडली. तेव्हापासून लोक म्हणायचे, अण्णांना लग्नाचं बोलावणं करायचं तर अक्षतांबरोबर मेणबत्त्याही आणून ठेवाव्या.

अण्णांना त्याचं काही नव्हतं. "होगली बिडु," म्हणाले. जाऊ दे. "कुणी मेलं नाही ना? मग झालं."

असा हा माणूस वर्षातून एक दिवस घराचं दार लावून बसायचा. आयुधपूजेच्या दिवशी. ज्यांनी बंगळूरची आयुधपूजा पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी या गावात यंत्राला हात लावत नाहीत, हात जोडतात. बस, सायकल, शिवणयंत्र, छापखाना, सगळं धुऊन पुसून, कुंकू लावून, हार घालून पूजतात. कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात. कचेऱ्यांत दौती आणि वह्याही पूजेत ठेवतात, आणि पूजेत ठेवलेली वही दुसऱ्या दिवशी हलवेपर्यंत उघडायची नाही, तिच्यात काही लिहायचं नाही. आमच्या खात्यात मी माझ्या टाइपरायटरला हार घातला होता आणि दुपारी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन मोठ्या उत्साहानं अण्णांकडे गेलो.

दार अक्कांनी उघडलं. "आज नको येऊस," त्या हळूच म्हणाल्या. पण आतून अण्णांनी हाक मारली, "येऊ दे त्याला."

ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मी पुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"तुमच्या साहेबाला प्रश्न पडला आहे ना, 'पूजेसाठी' का लिहिलं म्हणून? बस. सांगतो."

मी बंगळूरला यायच्या पाच-सहा वर्षं आधीची हकिकत. अण्णा तेव्हा शहरातल्या एका सबस्टेशनावर धाकटे इंजिनिअर होते. आयुधपूजेला गिरण्या बंद, म्हणून त्या दिवशी एका लाइनीवर दुरुस्तीचं काम काढलं होतं. लाइनमननं रीतसर खटका पाडून घेतला, त्याच्या दांड्याला आपल्या हातानं लाल पाटी बांधली आणि तो खांबावर चढायला गेला. कुठली लाइन कुणी बंद करून घेतली हे वहीत लिहायचं असतं. पण वही सकाळीच पूजेत मांडली होती. तेव्हा ड्यूटीवरचा माणूस म्हणाला, उद्या लिहू.

मग पूजेची वेळ झाली. पक्कड, हातमोजे, शिड्या, धोक्याच्या जादा पाट्या, सगळं धुऊन ओळीनं मांडलं होतं. खटक्यांच्या दांड्यांना हार घालायचे होते. अण्णा हार घेऊन पुढे झाले. एका दांड्याला ही पाटी होती. तेलकट, मळलेली. तिच्यावर हार घालणं त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी ती सोडली, धोतराच्या सोग्यानं पुसली, बाकीच्या पाट्यांच्या ओळीत ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं. मनात होतं, आरती झाली की परत बांधू.

"आरती झाली. प्रसाद झाला. कोणी तरी मला घरून बोलावणं आलं म्हणून सांगितलं. मी गेलो."

पाळी बदलली. नव्या माणसानं बघितलं, खटका पडलेला आहे, पाटी नाही, वर हार आहे. त्याला वाटलं, पूजेसाठी पाडला असेल. एका बंगल्यातून वीज नाही म्हणून फोन आला. त्यानं हात जोडले आणि खटका वर केला.

बाहेर कुठे तरी कोहळा फुटल्याचा आवाज आला.

"चौकशी झाली. दांड्यावर पाटी नव्हती, वहीत नोंद नव्हती. ओळीत सहा पाट्या कुंकू लावून ठेवलेल्या, त्यातली कुठली कुणाची, कोण सांगणार? मला विचारलं, खटक्यावर पाटी होती काय? मी म्हणालो, माझ्या पाहण्यात नाही."

"अण्णा..."

"तीनच शब्द. त्यावरून त्यांनी लिहिलं, लाइनमननं पाटी लावलीच नाही, स्वतःच्या हलगर्जीपणानं मेला. त्याच्या बायकोला खात्याची खोली सोडावी लागली. गवीपूरला असते ती आता. एका वसतिगृहात स्वयंपाक करते."

माझ्या हातातली चुरमुऱ्यांची पुडी कुठे ठेवावी ते मला कळेना. मी विचारलं, "तिला भेटलात काय तुम्ही?"

"कायदा होऊ दे. कायदा झाला की तो घेऊन तिच्या दारात जाईन. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

गवीपूर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आणि मग माझ्या ध्यानात आलं की देवळाकडे जायचं असो की बाजारात, अण्णा मला नेहमी लांबच्या रस्त्यानं का नेत. मी समजत होतो, खांब मोजायला.

त्यानंतर ते विधेयक माझंही झालं. मी त्याची भाषा घासूनपुसून नीट केली. पण सरकारी फायली आणि भिजत घोंगडं यांत फरक नसतो. इकडून शेरा, तिकडून शेरा. इतका खर्च कशाला. झाडं छाटायची तर वनखात्याला विचारा. वर्षं जात होती. अण्णा निवृत्तीच्या जवळ आले. दर महिन्याला विचारायचे, "नऊ ठीक आहे ना?" मी म्हणायचो, "ठीक आहे." ते विचारताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मला राग यायचा. वाटायचं, अरे, दोन गल्ल्या चालून जा आणि बोलून मोकळा हो. पण हे मी मनात म्हणायचो. परक्याच्या पापावर आपण काय बोलावं?

मग चीनशी लढाई झाली आणि सगळ्या देशाला एकदम जाग आली. धरणं राखायला हवीत, तारा राखायला हव्यात, कुणी घातपात केला तर? वरून विचारणा झाली, असा काही कायदा आहे काय? पाच वर्षं पडलेली अण्णांची फाइल आठ दिवसांत सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर. त्यात पहारेकरी आले, काटेरी कुंपणं आली, तार तोडणाऱ्याला सक्तमजुरी आली. दोन बाजूंनी वीज देण्याचं कलम 'शक्य असेल तेथे' एवढ्यावर आलं. अण्णांनी ते सगळं मान्य केलं. एका दुपारी सेक्रेटरींनी त्यांना बोलावलं. मी टिपणं घ्यायला होतो.

सेक्रेटरी भला माणूस होता. कन्नडमध्ये, अगदी समजुतीनं म्हणाला, "हे नववं कलम चांगलं आहे. पण 'पूजेसाठी' हा शब्द काढा. उद्या सभागृहात कोणी तरी उठेल आणि म्हणेल, सरकारला आयुधपूजा बंद करायची आहे."

"बंद नाही, सर. पूजा करा. पाटी तेवढी काढू नका."

"मग 'कोणत्याही कारणासाठी' असं लिहू. त्यात सगळं आलं. पूजाही आली."

सोपी गोष्ट होती. मी पेन्सिल थांबवून अण्णांकडे बघत राहिलो. हो म्हणा, अण्णा. एक शब्द जाईल, कलम राहील.

"त्यात सगळं येतं, सर," अण्णा म्हणाले. "म्हणून तर ते शब्द नकोत. मला 'पूजेसाठी' हाच शब्द पाहिजे."

"का पण?"

सेक्रेटरींनी थोडी वाट पाहिली, घड्याळाकडे पाहिलं आणि उद्या सकाळपर्यंत कळवा म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मी न राहवून बोललो, "अण्णा, कायद्यात कुणी कबुली लिहितं काय? कलम जाईल हो!"

"जाणार नाही. एवढं चांगलं कलम काढायला त्यांना हिंमत होणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी आली, शब्द राहील. सेक्रेटरींनी ती वाचली, सुस्कारा टाकला आणि अख्ख्या कलमावर तिरकी रेघ ओढली. मी स्वच्छ प्रत टाइप केली. दहावं कलम नववं झालं, अकरावं दहावं झालं. माझ्या टाइपिंगमध्ये एक चूक नव्हती.

त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "नऊ आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. नववं कलम होतंच, तार तोडणाऱ्याच्या शिक्षेचं. का सांगितलं नाही? ते रडतील असं वाटलं. शिवाय साहेबांनी बजावलं होतं, विधेयक मांडेपर्यंत बाहेर काही बोलायचं नाही. मी मिठाची गुळणी धरली.

सभागृहात विधेयक आलं त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा कोट आणि जरीकाठी पगडी घालून प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. कलमं भराभर मंजूर होत होती, कोणी फारसं बोलत नव्हतं. आठवं झालं. मग नववं वाचलं. तार तोडणाऱ्यास सक्तमजुरी. हो म्हणणाऱ्यांनी हो म्हणा. सगळे हो म्हणाले. अण्णा पुढे वाकून ऐकत होते, ते तसेच वाकलेले राहिले. त्यांना वाटलं असेल, पुढे कुठे तरी येईल. शेवटचं कलम झालं, विधेयक संमत झालं, बाकं वाजली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ते म्हणाले, "तूही 'आहे' म्हणालास."

"मी नोकर माणूस, अण्णा."

"मीही तेव्हा नोकरच होतो."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी उद्धट होतो, हा माझा जुना दुर्गुण. मी म्हणालो, "आता तरी जा तिच्याकडे."

"रिकाम्या हातानं?"

"रिकाम्या हातानंच जा. आता हातात काही यायचं नाही."

पायऱ्या उतरून झाल्यावर ते म्हणाले, "तू येशील?"

रविवारी सकाळी आम्ही गेलो. पहिल्यांदाच जवळच्या रस्त्यानं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एका लांब चाळवजा घरातली शेवटची खोली. ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, हडकुळी, केस पांढरे झालेले. अण्णांना तिनं ओळखलं आणि घाईनं उठून पदर सारखा केला. आत चटई टाकली, बसा म्हणाली. कॉफी ठेवू का विचारलं. अण्णा नको म्हणाले. ते बसलेच नाहीत.

उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. कन्नडमध्ये, छोट्या छोट्या वाक्यांत. कुठे थांबले नाहीत, कुठे सारवासारव केली नाही. हार, पाटी, कुंकू, चौकशी, "माझ्या पाहण्यात नाही." मी जमिनीकडे बघत होतो. आता ती किंचाळेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल, आणि ते बरंच होईल, असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी पाटी लावली होती?"

"लावली होती."

"तुम्ही बघितली?"

"मी बघितली. नीट बांधली होती. दोन गाठी मारून."

पाटी कोणी काढली ते तिनं विचारलंच नाही. जणू ते ऐकूच गेलं नव्हतं. तिनं "दोन गाठी" असं स्वतःशी म्हटलं आणि चटईच्या कडेला बसली. मग हळूहळू सांगू लागली, आम्हाला नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं.

सासू तिच्याजवळच राहायची. मुलगा गेल्यापासून म्हातारी एकच बोलायची. माझाच पोरगा वेंधळा. लहानपणापासून वेंधळा. मीच त्याला नीट वळण लावलं नाही. शेजारणींना सांगायची, देवाला सांगायची. कुणी विषय काढला नाही तरी सांगायची. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, तरी तेच. "मीही कंटाळून म्हणायची, हो, होतेच ते वेंधळे, गप्प बसा आता. मलाही खरंच वाटत होतं."

"कधी गेल्या त्या?" मी विचारलं. कुणी तरी काही तरी विचारायला हवं होतं.

"तीन वर्षं झाली."

मग तिनं पहिल्यांदा मान वर करून अण्णांकडे पाहिलं. आवाज चढला नाही. नुसतं विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तर इथंच राहता ना, अण्णा? म्हातारी असताना का नाही आलात?"

"मी थांबलो होतो," अण्णा म्हणाले. "कायदा होईपर्यंत थांबलो होतो."

"कसला कायदा?" तिनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या विधेयकाचा स्वल्पविरामन्‌स्वल्पविराम मला पाठ होता. त्यात पाटी कुठेच नव्हती. ती उत्तराची वाट बघत आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली.